के. एफ. नरिमन : भरावाचा हिशेब मागणारा वकील

नरिमन पॉइंट हे नाव मुंबईकरांच्या तोंडी इतके रुळले आहे की, ते कोणा माणसाचे आहे याचाच विसर पडावा. खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी उमेदीची वर्षे याच किनाऱ्यावरील भरावाच्या कामातील उधळपट्टी चव्हाट्यावर आणण्यात घालवली, हे तर आज फार थोड्यांना ठाऊक असते.

नरिमन यांचा जन्म १८८३ मध्ये ठाण्यात एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईत वकिलीत नाव मिळवल्यावर ते राजकारणात शिरले आणि स्वराज्य पक्षाच्या वतीने मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले. तेथे त्यांच्यापुढे प्रश्न आला तो बॅकबेचा.

पहिले महायुद्ध संपताच मुंबईत तेजीचा कैफ चढला होता. जागांचे भाव कडाडले होते. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये स्वतंत्र विकास खाते उघडले आणि कर्ज उभारले. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या आणि बॅकबेत १,१४५ एकर जमीन समुद्रातून वर काढायची, असा हा भव्य बेत होता. खोल्या झाल्या सुमारे १६ हजार. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी त्या याच. बॅकबेची कथा मात्र अधिक खर्चिक ठरली.

बंदरातील गाळ ड्रेजरने उपसायचा, तो नळांवाटे कुलाब्यापलीकडे ढकलायचा आणि समुद्रात बांधलेल्या भिंतीआड साठवायचा, अशी योजना होती. कागदावर ती निर्दोष दिसे. प्रत्यक्षात ड्रेजरचा उपसा अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी पडला आणि टाकलेला गाळ भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला. प्रारंभीचा पावणेचार कोटींच्या आतबाहेरचा अंदाज लवकरच ७ कोटींवर गेला. तोवर तेजीही ओसरली होती. ज्या जमिनीच्या विक्रीतून कर्ज फिटायचे, तिला गिऱ्हाईक मिळण्याची आशा मावळत चालली. विकल्या न गेलेल्या जमिनीचे व्याज अखेर करदात्याच्याच माथी बसते, ही साधी गोष्ट खात्याच्या हिशेबात कोठेही नव्हती.

नरिमन यांनी हा विषय कौन्सिलात, जाहीर सभांत आणि ‘बॉम्बे क्रॉनिकल’मधून लावून धरला. केवळ अंदाज चुकला असे म्हणून ते थांबले नाहीत, तर गैरव्यवहाराचेही आरोप त्यांनी केले. १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मीअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे तिचे एक सदस्य होते. खात्यातील अभियंता हार्वी यांनी नरिमन यांच्यावर अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला. सरकारी खात्याशी एकट्याने झुंजणाऱ्या वकिलाला तो भारी पडेल, असे अनेकांना वाटले असणार. नरिमन निर्दोष सुटले आणि शहराने त्यांना ‘वीर’ ही उपाधी बहाल केली.

आठ विभागांपैकी चर्चगेट बाजूचे दोन आणि कुलाबा बाजूचे दोन एवढेच पुरे झाले. मधले चार सोडून द्यावे लागले. या भरावावर पुढे मरीन ड्राइव्ह उभा राहिला आणि २०१८ मध्ये तेथील आर्ट डेको इमारती जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, हे खरे. पण पुढच्या पिढ्यांना शोभा मिळाली म्हणून त्या वेळच्या करदात्याचा हिशेब चुकता होत नाही. सोडलेल्या भागात स्वातंत्र्यानंतर पुन्हा भराव पडला आणि त्यातील एका टोकाला नरिमन यांचेच नाव मिळाले.

१९३५-३६ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेस विजयी झाली, तेव्हा मुंबई प्रांताचे नेतृत्व त्यांच्याकडे येईल अशी अनेकांची अटकळ होती. निवड झाली बाळासाहेब खेर यांची. नरिमन यांनी याचा ठपका सरदार पटेलांवर ठेवला. गांधीजी आणि बहादुरजी यांच्या चौकशीत तो सिद्ध झाला नाही. उलट १९३४ च्या निवडणुकीतील नरिमन यांच्याच वर्तनावर बोट ठेवले गेले आणि पक्षातील विश्वासाच्या पदांची दारे त्यांना बंद झाली. इतरांकडून पुरावा मागण्यात हयात गेलेल्या या वकिलाला स्वतःच्या आरोपाचा पुरावा देता आला नाही. पुढे सार्वजनिक जीवनात पूर्वीचे स्थान त्यांना पुन्हा लाभले नाही. १९४८ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले.