सर ऑलिव्हर लॉज: ज्यांनी रेडिओला ‘ट्यून’ व्हायला शिकवलं

तुमच्या आजूबाजूच्या हवेत आत्ता मोबाईल, वायफाय, एफएम असे कितीतरी सिग्नल फिरतायत. मग तुमचा फोन त्यातला नेमका आपलाच सिग्नल कसा उचलतो? उत्तर आहे ट्यूनिंग. ते शोधणाऱ्यांमधलं एक मोठं नाव म्हणजे सर ऑलिव्हर लॉज.

लॉज यांचा जन्म 12 जून 1851 ला इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये झाला. वडील चिनीमातीच्या कारखान्यांना माती पुरवायचे. 14व्या वर्षी शाळा सोडून ऑलिव्हरही त्याच धंद्यात लागले. पण विज्ञानाची ओढ सुटेना. पुढे लंडनमध्ये शिकून 1877 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि 1881 मध्ये ते लिव्हरपूलला फिजिक्सचे प्रोफेसर झाले.

1889 मध्ये त्यांनी दोन लेडन जार घेतले. लेडन जार म्हणजे आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावलेली काचेची बरणी, थोडक्यात जुन्या काळचा कपॅसिटर. दोन्ही जारना तारेचं एकेक वेटोळं जोडलं. पहिल्या जारमध्ये ठिणगी पाडली, तरी दुसरा गप्पच. मग लॉज यांनी दुसऱ्या वेटोळ्याची लांबी हळूहळू बदलली. दोघांची फ्रीक्वेन्सी जुळली आणि दुसऱ्या जारवरही ठिणगी उडाली! मध्ये एकही तार नव्हती. झोक्याला योग्य वेळी हलका धक्का देत राहिलं की तो उंच जातो, तसंच हे. यालाच रेझोनन्स म्हणतात.

1894 मध्ये ऑक्सफर्डला त्यांनी बिनतारी सिग्नलचं प्रात्यक्षिक दाखवलं, पण त्याचा धंदा करायचं काही मनावर घेतलं नाही. ती संधी तरुण मार्कोनीने साधली. मग मात्र लॉज जागे झाले. 1897 मध्ये त्यांनी ट्यूनिंगच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात अँटेनाची कॉइल बदलून फ्रीक्वेन्सी जुळवायची सोय होती. 1911 मध्ये या पेटंटची मुदत 7 वर्षांनी वाढली आणि शेवटी मार्कोनी कंपनीला ते विकत घ्यावं लागलं.

आजचे हॅम लोक कॉइलसोबत कपॅसिटरही फिरवतात. समजा 80 मीटर बँडसाठी सुमारे 40 मीटर तार टोकाकडून जोडली. 3.6 मेगाहर्ट्झला 10 मायक्रोहेन्रीच्या कॉइलसोबत साधारण 195 पिकोफॅरॅड लागतात. पण नुसते पिकोफॅरॅड बघून कपॅसिटर घेऊ नका. तारेच्या टोकाशी रेझिस्टन्स 2500 ओहम धरला, तर 100 वॅटला तिथे 500 व्होल्ट येतात आणि शिखराला 700 च्या वर! जुन्या रेडिओतल्या गँगच्या पट्ट्या फार जवळ असतात, त्यात ठिणगी पडू शकते. म्हणून ट्रान्समीटरसाठी पट्ट्यांमध्ये जास्त अंतर असलेला एअर व्हेरिएबल कपॅसिटर निवडा. आणि हो, ट्रान्समिट करायला लायसन्स लागतं. पॉवर चालू असताना तारेच्या टोकाला हात लावू नका.

लॉज 22 ऑगस्ट 1940 ला वारले. जी ठिणगी बघून त्यांचा प्रयोग यशस्वी झाला, तीच तुमच्या कपॅसिटरमध्ये दिसली तर समजा, निवड चुकली.