औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी

सातारा जिल्ह्यातील औंध हे एक लहानसे संस्थान होते. त्याची जेमतेम ७२ गावे, तीही एकमेकांपासून दूर विखुरलेली. या संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले. चित्रकला आणि कीर्तन या दोन्हींची त्यांना विलक्षण आवड होती. परंतु महाराष्ट्राच्या घराघरांत त्यांचे नाव पोहोचले ते सूर्यनमस्कारामुळे.

तरुणपणी भवानराव पाश्चात्त्य पद्धतीच्या व्यायामाकडे ओढले गेले. युजीन सँडो या जगप्रसिद्ध बलवानाची पुस्तके व व्यायामसाधने त्यांनी १८९७ साली मागविली आणि सुमारे दहा वर्षे नेमाने मेहनत केली. दंड भरले, छाती रुंदावली. तरीही पुढे १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्याने, त्यांनी ही साधने बाजूस सारून सूर्यनमस्कार आरंभिले. राजाला उपकरणांची काय वाण! पण ज्या शेतकऱ्याजवळ डंबेल्स घेण्याइतके पैसे नाहीत, त्याच्या उपयोगी पडेल असा व्यायाम या राजाला सापडला होता. सतरंजीएवढी जागा आणि थोडा वेळ मिळाला की झाले. साधन नको, सोबती नको, खर्चही नको.

नमस्कार घालताना हात, पाय, पाठ, पोट यांचे मोठे स्नायू एकामागून एक कामाला लागतात. त्यांना अधिक प्राणवायू हवा असतो. म्हणून श्वास वाढतो व हृदय जलद चालू लागते. हा अभ्यास नियमित झाला की हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि विश्रांतीच्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात. मात्र ज्यांना आधीच हृदयविकार आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच व थोड्यापासून आरंभ करणे इष्ट.

१९०९ साली गादीवर आल्यानंतर भवानरावांनी आपल्या शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुलींनाही त्यांनी त्यातून वगळले नाही. त्या काळी ही गोष्ट अनेकांना रुचणारी नव्हती. सक्तीने जडलेली सवय किती टिकते, हा प्रश्न उरतोच. परंतु राजा स्वतः रोज पहाटे नमस्कार घालीत असे, हे प्रजेला ठाऊक होते. १९३६ साली ते इंग्लंडला गेले असता तेथील पत्रकार लुईझ मॉर्गन यांनी त्यांच्या व्यायामाची माहिती करून घेतली. पुढे १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच सुमारास त्यांनी आणखी एक धाडस केले. गांधीजींच्या मार्गदर्शनाने १९३९ साली नवी राज्यघटना अमलात आणून त्यांनी राजसत्ता प्रजेच्या हाती सोपविली. १९४८ साली संस्थान विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५३ साली, जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बसकामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने सतत चढणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला होता.