दीपस्तंभ न बांधणारा स्टीव्हन्सन

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन म्हटलं की आपल्याला ‘ट्रेझर आयलंड’ आठवतं: नकाशा, पुरलेला खजिना, एका पायाचा लाँग जॉन सिल्व्हर आणि त्याच्या खांद्यावरचा पोपट. पण ज्या घरात हा लेखक जन्मला, तिथे गोष्टी लिहिणं हे काम मानलं जात नव्हतं. त्या घरात दीपस्तंभ बांधत.

त्याचे आजोबा रॉबर्ट यांनी स्कॉटलंडच्या पूर्वेला भर समुद्रात बेल रॉकचा दीपस्तंभ उभारला. तो खडक भरतीला पूर्ण पाण्याखाली जातो. ओहोटी लागली की कामगार उतरायचे, थोडं खणायचे आणि पाणी चढायच्या आत पुन्हा बोटीत. १८११ साली तिथे दिवा लागला. काका ॲलन यांनी पश्चिमेच्या समुद्रात स्केरीव्होर बांधला. वडील टॉमस आणि आणखी एक काका याच कामात होते. हवामान केंद्राच्या आवारात झडपांची पांढरी पेटी असते ना, तापमापक ठेवायची, जिला भूगोलात आपण ‘स्टीव्हन्सन स्क्रीन’ म्हणतो, ती याच टॉमस यांची.

लुई (आजोबांचं नावही रॉबर्ट, म्हणून मी त्याला लुईच म्हणतो) १३ नोव्हेंबर १८५० रोजी एडिंबरोत जन्मला. एकुलता एक, आणि छातीने कायमचा अधू. खोकल्याने झोप लागायची नाही, तेव्हा दाई ॲलिसन कनिंगहॅम त्याच्या उशाशी बसून गोष्टी सांगायची.

१८६७ मध्ये तो एडिंबरो विद्यापीठात इंजिनियरिंग शिकायला गेला. वेगळं काही शिकण्याचा प्रश्नच नव्हता. सुट्टीत वडील त्याला बांधकामांवर पाठवत. विक बंदरात तो पाणबुड्याचा जड पोशाख घालून समुद्राच्या तळाशी उतरला आणि भलताच खूश झाला. समुद्र, बोटी, बेटं त्याला हवी होती. ऑफिस आणि आकडेमोड नको होती. १८७० मध्ये तो एरेड नावाच्या छोट्या बेटावर तीन आठवडे राहिला, कारण जवळच्या एका दीपस्तंभाचे दगड तिथे घडवले जात होते. हे बेट लक्षात ठेवा.

मार्च १८७१ मध्ये त्याने दीपस्तंभाच्या दिव्याविषयी एक निबंध वाचला आणि त्याला रौप्यपदक मिळालं. घरचे किती आनंदले असतील! त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, वडिलांबरोबर फिरायला गेला असताना, त्याने सांगून टाकलं की हे काम मी करणार नाही, मला लिहायचं आहे.

माझे पणजोबा, आजोबा आणि बाबा एकाच पलटणीचे. घरी मला कोणी विचारत नाही की पुढे काय करणार. एनडीएचा फॉर्म कधी भरायचा, एवढंच विचारतात. मला जायचं आहे, बहुतेक. पण पदक खिशात असताना असं सांगायला काय लागतं, याचा विचार मी लाइट्स आउटनंतर पुष्कळदा केला आहे.

टॉमस यांनी निदान वकिली तरी शीक म्हणून अट घातली. १८७५ मध्ये लुई वकील झाला, पण वकिली जवळजवळ केलीच नाही. पुढे धर्मावरून आणि लग्नावरून बापलेकात बरेच खटके उडाले. १८८० मध्ये त्याने फॅनी ऑसबोर्नशी लग्न केलं. तिला आधीची मुलं होती, त्यांतला एक लॉइड.

१८८१ चा उन्हाळा. ब्रेमार गावी पाऊस थांबेना. तेरा वर्षांच्या लॉइडच्या करमणुकीसाठी एका बेटाचा नकाशा रंगवला गेला आणि लुई त्यावरून रोज एक प्रकरण लिहून घरच्यांना वाचून दाखवू लागला. सगळ्यांत जास्त रंगले ते टॉमस. बिली बोन्सच्या पेटीत काय काय सापडावं, याची यादी त्यांनी स्वतः करून दिली. फ्लिंटच्या जहाजाचं ‘वॉलरस’ हे नावही त्यांचंच. मुलाने इंजिनियर व्हावं म्हणून झटलेला हा माणूस चाच्याच्या पेटीतलं सामान लिहीत बसला होता! मला या चरित्रातली हीच जागा सर्वांत आवडते.

१८८६ मध्ये ‘किडनॅप्ड’ आलं. पोरका डेव्हिड बाल्फर वारशासाठी काकाच्या दारी जातो आणि काका त्याला अंधारात अर्धवट जिन्यावर चढायला लावतो. तिथून वाचला तर जहाजावर विकून टाकतो. बाल्फर हे लुईच्या आईचं माहेरचं आडनाव. जहाज फुटल्यावर डेव्हिड ज्या बेटावर अडकतो ते एरेड! तो तिथे कच्चे शिंपले खाऊन दिवस काढतो, आणि नंतर कळतं की ओहोटीला तिथून चालत बाहेर पडता येतं. डेव्हिडची पुढची गोष्ट ‘कॅट्रिओना’ १८९३ मध्ये आली.

टॉमस यांनी सुनेसाठी बोर्नमथला घर घेऊन दिलं होतं. लुईने त्याचं नाव ठेवलं स्केरीव्होर. १८८७ मध्ये टॉमस गेले. त्यानंतर तब्येतीसाठी हवा शोधत लुई पॅसिफिक महासागरात गेला आणि सामोआत स्थायिक झाला. ३ डिसेंबर १८९४ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, तो वारला. सामोअन लोकांनी जंगल तोडून वाट केली आणि त्याला वाएआ डोंगराच्या माथ्यावर नेऊन पुरलं.

त्याच्या मागे काही अपुरी हस्तलिखितं राहिली. एकात तो आपल्या घराण्याचा इतिहास लिहीत होता. ते बेल रॉकच्या बांधकामापर्यंत आलं होतं.