सेमूर क्रे आणि महासंगणकाच्या दोन वाटा

महासंगणकांच्या इतिहासात सेमूर क्रे यांचे नाव अग्रभागी आहे. २८ सप्टेंबर १९२५ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स या गावी त्यांचा जन्म झाला. ‘कंट्रोल डेटा’ कंपनीत असताना त्यांनी १९६४ मध्ये ‘सीडीसी ६६००’ हा त्या काळातला सर्वांत वेगवान संगणक घडवला. त्याच्या प्रक्रियकात एक विभाग बेरीज करत असतानाच दुसरा गुणाकार करू शकत असे.

१९७२ मध्ये क्रे यांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९७६ मध्ये ‘क्रे-१’ आणला. एकाच आज्ञेत तो ६४ संख्यांच्या रांगेवर गणित करी. संकेतांना अंतर कापायला वेळ लागतो, म्हणून तारा आखूड राहाव्यात यासाठी त्याला इंग्रजी ‘सी’ अक्षराचा आकार दिला होता. हवामानाचा अंदाज, विमानांची रचना, मोटारींच्या टकरीची गणिते आणि तेलाचा शोध यांसाठी क्रे संगणक वापरले गेले. दिल्लीतील हवामान अंदाजासाठीही १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘क्रे एक्स-एमपी’ आला.

त्याच दशकात दुसरी वाट पुढे आली. हजारो साधे प्रक्रियक जोडून त्यांच्यात काम वाटायचे, अशी ही कल्पना होती. ‘कनेक्शन मशीन’मध्ये असे ६५,५३६ प्रक्रियक होते. पुण्याच्या ‘सी-डॅक’ने १९९१ मध्ये साकारलेला ‘परम ८०००’ही अनेक प्रक्रियक जोडूनच बनला होता. क्रे यांचा विश्वास मात्र मोजक्याच, पण अतिवेगवान प्रक्रियकांवर होता. त्यांची शंका निराधार नव्हती. आधीच्या उत्तरावर पुढची पायरी अवलंबून असेल, तर काम वाटता येत नाही. शिवाय प्रक्रियकांचा आपसांतल्या देवाणघेवाणीतही वेळ जातो.

पण छोट्या चिप स्वस्त आणि वेगवान होत गेल्या. शीतयुद्ध संपल्यावर महागड्या यंत्रांची मागणीही घटली. गॅलियम आर्सेनाइडच्या चिप वापरून बनवलेल्या ‘क्रे-३’ला गिऱ्हाईक मिळाले नाही आणि १९९५ मध्ये क्रे यांच्या नव्या कंपनीचे दिवाळे निघाले. तरीही १९९६ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी आणखी एक कंपनी काढली. या वेळी अनेक प्रक्रियकांच्या यंत्राचा आराखडा त्यांनी हाती घेतला होता. तो पूर्ण होण्याआधीच मोटार अपघातात जखमी होऊन ५ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले.

आजच्या महासंगणकांत लाखो गणनकेंद्रे एकत्र राबतात. मात्र त्या प्रत्येकात एका आज्ञेने संख्यांची रांग हाताळण्याची रीत क्रे यांच्या वाटेवरचीच आहे.