शिष्यवृत्तीने घडवला म्हैसूरचा शिल्पकार
अभियंता दिन विशेष : पुण्यात शिकलेल्या विश्वेश्वरय्या यांनी दिवाणपदी असताना संस्थानातच उभारल्या विद्यासंस्था

म्हैसूर, 14 सप्टेंबर : भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या जयंतीनिमित्त उद्या, 15 सप्टेंबर रोजी, देशभर अभियंता दिन साजरा होत आहे. कावेरीवरील कृष्णराज सागर धरणामुळे त्यांचे नाव म्हैसूरशी कायमचे जोडले गेले. मात्र ज्या विद्येच्या बळावर ते या धरणापर्यंत पोहोचले, ती त्यांना म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीमुळे आणि पुण्याच्या महाविद्यालयात मिळाली होती, हा त्यांच्या आयुष्यातील निर्णायक भाग तुलनेने कमी परिचित आहे.

विश्वेश्वरय्या यांचा जन्म 1861 मध्ये चिक्कबळ्ळापूरजवळील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे विद्वान होते. घरात विद्येची परंपरा होती, परंतु आर्थिक स्थिती बेताची होती. लहान वयातच पितृछत्र हरपल्याने हा आधारही तुटला. प्राथमिक शिक्षण चिक्कबळ्ळापूर येथे झाल्यावर पुढील शिक्षणासाठी ते बंगळुरूला आले. तेथे कोडगूच्या एका सधन कुटुंबातील मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यांनी आपल्या शिक्षणाचा खर्च भागवला.

बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजमध्ये त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. प्राचार्य चार्ल्स वॉटर्स यांनी या विद्यार्थ्याची गणितातील गती आणि शिस्त हेरली. 1881 मध्ये विश्वेश्वरय्या पदवीधर झाले, तेव्हा त्यांना अभियांत्रिकीचे शिक्षण घ्यायचे होते. त्यासाठी म्हैसूर संस्थानात महाविद्यालय नव्हते आणि बाहेर जाऊन शिकण्याइतका पैसा त्यांच्याजवळ नव्हता. वॉटर्स यांनी दिवाण रंगाचार्लू यांच्याकडे त्यांची शिफारस केली आणि संस्थानने शिष्यवृत्ती देऊन त्यांना पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये पाठवले.

हा निर्णय ज्या काळात झाला, तो लक्षात घेण्याजोगा आहे. पन्नास वर्षांच्या ब्रिटिश प्रशासनानंतर मार्च 1881 मध्ये राज्यकारभार नुकताच वडियार घराण्याकडे परत आला होता. 1876 ते 1878 या काळातील भीषण दुष्काळाने संस्थानची मोठी लोकसंख्या हिरावून नेली होती आणि तिजोरीवर कर्जाचा भार होता. अशा स्थितीत एका होतकरू विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भार दरबाराने उचलला.

पुण्याच्या या महाविद्यालयाची सुरुवात 1854 मध्ये झाली होती; पुढे ते अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. 1883 च्या अंतिम परीक्षेत विश्वेश्वरय्या प्रथम आले आणि 1884 मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिक येथे रुजू झाले. म्हैसूरच्या खर्चाने शिकलेल्या या अभियंत्याच्या ज्ञानाचा पहिला लाभ अशा रीतीने महाराष्ट्राला झाला.

नाशिक, खानदेश आणि पुणे येथे त्यांनी काम केले. सिंध प्रांतातील सक्कर शहरासाठी पाणीपुरवठा योजनाही त्यांनी पूर्ण केली. दख्खनच्या कालव्यांवर पाण्याचे वाटप अधिक न्याय्य आणि काटकसरीचे व्हावे यासाठी त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. खडकवासला धरणाच्या सांडव्यावर 1903 च्या सुमारास बसवलेले त्यांचे स्वयंचलित दरवाजे विशेष गाजले. धरणाची भिंत न वाढवता या दरवाजांमुळे जलसाठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी उंचावता आली आणि पुराचे पाणी वाढताच ते आपोआप उघडत असत. पुण्यातील वास्तव्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या सहवासाचा लाभही त्यांना झाला. देशाचे दारिद्र्य हटवायचे तर शिक्षण आणि उद्योग यांना पर्याय नाही, हा त्यांचा विचार याच वातावरणात पक्का झाला.

मुंबई सरकारच्या सेवेतून ते 1908 मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाल्यावर त्या शहराच्या पूरनियंत्रणाची योजना त्यांनी आखली. 1909 मध्ये म्हैसूरचे मुख्य अभियंता म्हणून ते स्वगृही परतले. 1911 मध्ये कृष्णराज सागर धरणाचे काम सुरू झाले आणि 1912 मध्ये महाराज कृष्णराज वडियार चौथे यांनी त्यांची दिवाणपदी नियुक्ती केली.

दिवाणपदाच्या सहा वर्षांत त्यांनी शिक्षणावर दिलेला भर त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेशी ताडून पाहण्याजोगा आहे. संस्थानातील शाळांची संख्या या काळात दुपटीहून अधिक झाली. 1916 मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. ब्रिटिश भारताबाहेर, संस्थानी मुलखात निघालेले हे देशातील पहिले विद्यापीठ होय. तोवर येथील महाविद्यालये मद्रास विद्यापीठाशी संलग्न होती. विश्वेश्वरय्या यांची पदवीही मद्रासचीच होती. त्यांचे सेंट्रल कॉलेज आता नव्या विद्यापीठाचा भाग बनले. 1917 मध्ये बंगळुरूत अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि म्हैसूरच्या विद्यार्थ्याला या शिक्षणासाठी पुणे किंवा मद्रास गाठण्याची निकड उरली नाही.

तथापि शिक्षणाची ही संधी कोणाच्या वाट्याला येते, या प्रश्नावरच त्यांच्या दिवाणपदाची अखेर झाली. संस्थानच्या नोकऱ्यांत ब्राह्मणांचे प्राबल्य होते आणि इतर समाज आपला वाटा मागत होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1902 मध्येच मागास समाजांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. म्हैसूरच्या महाराजांनी 1918 मध्ये सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मागास समाजांना शिक्षणाच्या सवलती द्याव्यात, मात्र नेमणुका गुणवत्तेवरच व्हाव्यात, अशी विश्वेश्वरय्या यांची भूमिका होती. महाराजांचे मत वेगळे होते. मतभेद मिटले नाहीत आणि विश्वेश्वरय्या 1918 च्या अखेरीस पदावरून दूर झाले. पुढे समितीच्या शिफारशींनुसार राखीव जागांचे धोरण अमलात आले. एका गुणी विद्यार्थ्यासाठी खुले झालेले दार संपूर्ण समाजासाठी कसे खुले करावे, याविषयी दिवाण आणि महाराज यांची उत्तरे भिन्न होती. हा वाद देशात आजही संपलेला नाही.

पद सोडल्यानंतरही त्यांचे शिक्षणकार्य थांबले नाही. भद्रावती लोखंड कारखान्याच्या कामाबद्दल मिळणारे मानधन त्यांनी स्वतःसाठी न घेता तांत्रिक शिक्षणाच्या संस्थेसाठी दिले. त्यातून 1943 मध्ये बंगळुरूत महाराज जयचामराजेंद्र यांच्या नावाने व्यवसाय शिक्षण संस्था उभी राहिली. 1955 मध्ये त्यांना भारतरत्न किताबाने गौरवण्यात आले. एप्रिल 1962 मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर, बंगळुरू येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी 1917 मध्ये सुरू केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. बेळगाव येथे 1998 मध्ये स्थापन झालेल्या तंत्रशास्त्र विद्यापीठालाही विश्वेश्वरय्या यांचे नाव देण्यात आले असून कर्नाटकातील बहुसंख्य अभियांत्रिकी महाविद्यालये त्याला संलग्न आहेत.