विनोबाजींचे शेवटचे सात दिवस

कीर्तन आटोपले की मंडळी पाया पडता पडता घरची दुःखे सांगतात. अलीकडे एकच गाऱ्हाणे वारंवार ऐकू येते. म्हातारा बाप शेवटच्या घटका मोजतो आहे, तोंडाने घोट घेत नाही, आणि डॉक्टर सलाईन लावावयास नको म्हणतात. महाराज, हे पाणी तोडणे नव्हे का? असे कोणी विचारले की आम्हांस विनोबाजी आठवतात.

कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा मुलगा सुरतेस गाडीतून उतरला तो थेट काशीस गेला, आणि तेथून गांधीजींच्या आश्रमात. आई रुक्मिणीबाई १९१८ साली गेल्या. त्यांना समजेल अशी मराठी गीता लिहावयाची राहून गेली होती, ती 'गीताई' १९३०-३१ साली झाली. धुळ्याच्या तुरुंगातील प्रवचने, पोचमपल्लीचे भूदान, तेरा वर्षांची पदयात्रा, १९५८ साली अन्यधर्मीय सोबत्यांसह घेतलेले पांडुरंगाचे दर्शन, हे सारे आपणांस ठाऊकच आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यांच्या देहाविषयी.

देह मुळात काटकुळा. पोटात व्रण, त्यामुळे आहार दूध-दह्याचा, तोही मोजून. १९३८ साली प्रकृती फारच ढासळली तेव्हा थंड हवेच्या ठिकाणी जा असा सल्ला मिळाला. हे गेले वर्ध्याजवळच्या पवनारला, धाम नदीच्या काठी! तेथे जमीन खणता खणता अंगात ताकद आली. पुढे डिसेंबर १९५२ मध्ये बिहारात चांडिल येथे त्यांना घातक मलेरिया झाला. औषध घेणार नाही असा हट्ट धरला. देह जातो की राहतो अशी वेळ आली. शेवटी अनेकांच्या आग्रहास मान देऊन औषध घेतले आणि बरे झाले. हा प्रसंग नीट ध्यानात ठेवावा. विनोबाजी औषधाचे वैरी होते असे कोणी समजू नये. भूदानाचे काम पुढे उभे होते, आणि रोग औषधाने बरा होणारा होता.

तीस वर्षांनी, नोव्हेंबर १९८२ च्या पहिल्या आठवड्यात, पवनारला हृदयविकाराचा झटका आला. वय सत्त्याऐंशी. उपचार सुरू झाले. परंतु ८ तारखेपासून त्यांनी अन्न, औषध आणि पाणी, तिन्ही बंद केले. थोर थोर माणसांनी विनवण्या केल्या. या खेपेस मात्र ते बधले नाहीत.

आम्ही तेव्हा पाठशाळेत शिकत होतो. शास्त्रीमंडळींत दोन तट पडले, आणि जेवणाच्या पंगतीतही तोच विषय! एक पक्ष आत्महत्या म्हणे, दुसरा प्रायोपवेशन. आमचे गुरुजी भागवतातील परीक्षितीकडे बोट दाखवीत. गंगातीरी बसलेल्या त्या राजाने पाणीसुद्धा टाकले होते, तरी कथा ऐकताना भूक पीडा देत नाही असे तो शुकाचार्यांना सांगतो. आम्ही तरुण पोरे मनात म्हणत असू, ही कवीची अतिशयोक्ती. तहानेने जीव तडफडलाच असेल.

त्या काळी पुष्कळ डॉक्टरांचीही समजूत अशीच होती. रुग्ण तोंडाने घेत नाही तर शिरेतून द्यायचे, न देणे म्हणजे कर्तव्यात कसूर. लंडनला १९६७ साली सिसिली साँडर्स या डॉक्टरीणबाईंनी मरणासन्नांसाठी रुग्णालय काढले, तेव्हापासून अशा रुग्णांच्या उशाशी रोज बसणाऱ्या डॉक्टरांना निराळे दिसू लागले. देह मिटू लागला की त्याची पाण्याची गरजच कमी होते. तोंड कोरडे पडते खरे, पण ते सलाईनने ओले होत नाही. ओल्या बोळ्याने होते. उलट हृदय आणि मूत्रपिंडे थकलेली असताना वरून भरलेले पाणी हातापायांत, फुप्फुसात साचते. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अखेरच्या अवस्थेतील १२९ कर्करोगी होते. काहींना रोज एक लिटर सलाईन दिले, काहींना नुसते शंभर मिलिलिटर. त्रासात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, आयुष्यही वाढले नाही.

यावरून कोणी भलताच अर्थ काढू नये हो! जुलाब-वांत्यांनी वाळलेल्या माणसास सलाईन म्हणजे अमृतच. जत्रेत पटकीने माणसे पटापट मरत, ती पुढे याच मीठपाण्याने वाचू लागली. बरा होणारा देह कोणता आणि निघालेला कोणता, हे डॉक्टरांनीच सांगावे.

आता आमचीच गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमचे थोरले बंधू अखेरच्या दुखण्यात एका रुग्णालयात होते. एक तरुण डॉक्टर हळूच म्हणाले की आता बाटली नको, ओठ ओले करीत राहा. आम्ही भडकलो. आमच्या भावास तहानेने मारता काय, असे चारचौघांत बोललो. दुसऱ्या एका मोठ्या डॉक्टरांनी आमचा आवाज ऐकून बाटली चालू ठेवली. दोन दिवसांत दादांचे हात सुजून तट्ट झाले, अंगठी कापून काढावी लागली. छातीत घरघर लागली ती शेवटपर्यंत थांबली नाही. त्यांच्या कानाशी आम्ही नाम घेत होतो, पण त्या घरघरीत त्यांना ते ऐकू गेले की नाही, कोण जाणे! त्या तरुण डॉक्टरांची क्षमा मागावयास पुढे गेलो तर ते तेथून बदलून गेले होते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असे उपचार नकोत हे माणसास आधीच लिहून ठेवता येईल असे मान्य केले. विनोबाजींच्या वेळी हा कागद नव्हता. त्यांनी मुखानेच नको म्हटले, आणि पवनारला ते ऐकले गेले. सात दिवस आश्रमात नामस्मरण चालू होते. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, ऐन दिवाळीत, सकाळी साडेनऊच्या सुमारास श्वास थांबला. पाठशाळेत बातमी आली तेव्हा आम्ही कोनाड्यात पणत्या मांडीत होतो. गुरुजींनी त्या तशाच लावावयास सांगितल्या.