प्लॅटिनमच्या पर्यायासाठी वेचलेले आयुष्य

हायड्रोजनवर चालणाऱ्या वाहनांची चर्चा आता आपल्याकडेही होऊ लागली आहे. २०२२ साली पुण्यात देशी बनावटीची अशी बस लोकांसमोर आली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने हरित हायड्रोजन अभियानासाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. अशा वाहनांना वीज पुरवतो तो इंधनघट. हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून तो ज्वलनाविना वीज निर्माण करतो. मात्र ही क्रिया पुरेशा वेगाने व्हावी म्हणून वाहनांच्या इंधनघटात सामान्यतः प्लॅटिनमचा उत्प्रेरक लागतो. जगातील खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेत निघते आणि भारताला ते जवळजवळ सर्वच आयात करावे लागते. ही अडचण नवी नाही. तिच्यावर मात करण्यासाठी उमेदीची वर्षे वेचणाऱ्या फ्रान्सिस टॉमस बेकन या इंग्रज अभियंत्याचे चरित्र म्हणूनच आज उद्‌बोधक ठरते.

तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन यांच्याच कुळात १९०४ साली त्यांचा जन्म झाला. केंब्रिजचे शिक्षण संपवून १९२५ साली ते न्यूकॅसल येथील पार्सन्स या टर्बाइन बनवणाऱ्या प्रख्यात कंपनीत दाखल झाले. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास इंधनघटाचे तत्त्व दाखवून दिले होते. परंतु शंभर वर्षे ते प्रयोगशाळेतच पडून होते. बेकन यांनीही प्रारंभी ग्रोव्ह यांच्याप्रमाणे प्लॅटिनमची जाळी व सल्फ्युरिक आम्ल वापरून पाहिले. एवढ्या महाग धातूवर आधारलेले यंत्र व्यवहारात टिकणार नाही, हे अभियंता या नात्याने त्यांनी लौकरच ओळखले. त्यांनी आम्ल सोडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा अल्कधर्मी द्राव घेतला. आम्लात न टिकणारे निकेल या द्रावात टिकते, आणि निकेल हा सहज उपलब्ध होणारा धातू आहे.

या निवडीची किंमत त्यांना वेगळ्या रूपाने मोजावी लागली. निकेलची क्रियाशीलता प्लॅटिनमपेक्षा कमी. ती उणीव भरून काढण्यासाठी सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या कितीतरी पट दाब आवश्यक झाला. कंपनीच्या आवारात ज्वालाग्राही वायूंचे प्रयोग चालू असल्याचे वरिष्ठांना समजताच प्रयोग किंवा नोकरी यांतून एकाची निवड करण्याची पाळी आली. १९४० साली बेकन यांनी नोकरी सोडली. महायुद्धात पाणबुडीविरोधी संशोधनाचे काम करून १९४६ साली ते केंब्रिजला परतले. तेथे सच्छिद्र निकेलचे दुपदरी विद्युत्‌अग्र त्यांनी सिद्ध केले. वायूकडील बाजूस मोठी छिद्रे आणि द्रावाकडील बाजूस सूक्ष्म छिद्रे असल्यामुळे वायू व द्राव यांची भेट धातूच्या विस्तीर्ण पृष्ठभागावर होऊ लागली. ऑक्सिजनकडील निकेल गंजत असे. त्यावर लिथियमयुक्त ऑक्साइडच्या थराचा उपाय सापडला.

तरीही १९५४ साली लंडनच्या प्रदर्शनात मांडलेल्या घटाकडे उद्योगपतींनी पाठ फिरवली. पुढे सरकारी विकास महामंडळाने हात दिला, आणि १९५९ साली ४० घटांच्या संचाने सुमारे ६ किलोवॉट वीज देऊन दाखवली. या शोधाचे हक्क घेतले ते मात्र एका अमेरिकन कंपनीने. अपोलो यानांना वीज आणि अंतराळवीरांना पिण्याचे पाणी पुरवले ते बेकन यांच्या तत्त्वावरील घटांनीच. १९७३ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९९२ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या घटाला मर्यादा होती, हे नाकारून चालणार नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे अल्कधर्मी द्राव बिघडतो. अंतराळात शुद्ध ऑक्सिजन बरोबर नेता येतो, रस्त्यावरील वाहनाला हवेवरच भागवावे लागते. म्हणून वाहनांसाठी आम्लधर्मी पटलाचा घट पुढे आला आणि त्याच्यासोबत प्लॅटिनमही परतले. आज जगभर दोन दिशांनी प्रयत्न चालू आहेत : प्लॅटिनमचे कण अधिकाधिक सूक्ष्म करून थोडक्यात भागवणे, आणि अल्कधर्मी पटल टिकाऊ करून त्या धातूची गरजच संपवणे. दुसरी दिशा म्हणजे बेकन यांचाच अपुरा राहिलेला मार्ग होय.

खानदेशाच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. शिंदखेडा तालुक्यात ऊन विपुल आहे, आणि तेथील विखरणच्या वीजप्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्याचा प्रश्न २०१८ साली राज्यभर गाजला. ज्या भागाने ऊर्जेसाठी जमीन दिली, त्याच्यापर्यंत या ऊर्जेचा लाभ पोचायचा असेल तर ती साठवणारी व वापरणारी यंत्रे तालुक्याच्या बाजारपेठेला परवडणारी हवीत. परक्या खाणीतील धातूच्या भावावर त्यांची किंमत टांगलेली असून चालणार नाही. पर्याय शोधणाऱ्याचा खर्च आज होतो आणि लाभ मात्र पुढे सर्वांना वाटला जातो. म्हणूनच खाजगी भांडवल अशा संशोधनाला कचरते. हायड्रोजनसाठी मंजूर झालेल्या कोट्यवधी रुपयांतील भरीव वाटा कारखान्यांच्या अनुदानाबरोबरच विद्यापीठांतील अशा दीर्घ, अनिश्चित संशोधनाकडे वळला पाहिजे. तसे न झाल्यास तेलाच्या आयातीतून सुटून प्लॅटिनमच्या आयातीत अडकण्याचा धोका आहे.